एक्केचाळिसावं पान

प्रिय ताई,

तुझी गणिताची, फंक्शनल ॲनालिसिसची वही कायम माझ्या टेबलावर असते. एक्केचाळिसाव्या पानावर तू लिहिलंयस, 'इथे अडले.' पुढे सगळी पानं कोरी. अकरा वर्षांपूर्वी तू पीएचडी सोडलीस ती याच पानावर.

काल तुझी चूक सापडली. आकड्यांच्या गुणाकारात करतात तशी तू दोन ऑपरेटरांची अदलाबदल केलीस; पण त्यांचा क्रम बदलला की उत्तरच बदलतं. क्रम पाळला की दोन ओळींत सुटतं गं! आनंदानं ओरडले, मग तू आठवलीस आणि रडूच आलं.

संध्याकाळी फोनवर विचारलंस, "त्या पानाच्या पुढे गेलीस का?"

"नाही ताई, मीही तिथेच अडकलेय."

किती वर्षांनी अशी हसलीस! "वही घेऊन ये, वेडे. दोघी बसू."

वही आणतेय, हे पत्र नाही. चूक तूच शोध. मी नुसती शेजारी बसेन.

तुझीच,
छोटी