तिसऱ्या खुंटावरची गाठ

हॅलिफॅक्स,
२ ऑक्टोबर १९३२

स्वस्ति श्री! अखिल-हर्मन्सकोव्ह-धक्का-चक्रवर्तिनी, लवणमत्स्यभांडाराधीश्वरी, आंबवलेल्या कोबीची महामहोपाध्याया, मुकादमदर्पहारिणी ती. लव्हिनियाताई हिच्या चरणी, हॅलिफॅक्सनगरस्थ रज्जुशास्त्रपंडित, इतरांच्या जहाजांना दोर चढवून उदरनिर्वाह करणारा कनिष्ठ बंधू अँब्रोज याचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या धक्क्याचे मुकादम सायलस कॉर्कम यांचे पत्र पोचले. त्यात व्याकरण अत्यल्प व आक्रोश विपुल आहे. धक्का मोडकळीस आला, बर्फ पडण्यापूर्वी जुने खुंट उपटून नवे रोवायचे. परंतु तिसऱ्या खुंटाला आपल्या ओबेडची होडी बांधलेली असून, तिची गाठ कापू जाताच तू मासे साफ करायची सुरी घेऊन धावलीस, असे ते लिहितात. सुरीच्या वर्णनात त्यांनी एक संपूर्ण परिच्छेद खर्चिला आहे. तुमच्या बहिणीला आवरा, अशी विनंती आहे. मी उत्तरी कळविले की तो उद्योग मी जन्मापासून करीत असून अद्याप यश नाही.

येथे माझे वाङ्मयीन युद्ध चालू आहे. पाद्रीबुवा प्रवचनात म्हणाले, मनुष्याने 'बिटर एंड'पर्यंत, म्हणजे कडू शेवटापर्यंत, सोसावे. मी उभा राहून निवेदन केले की बिट म्हणजे नांगराचा दोर बांधायचे जहाजावरचे खुंट, आणि सगळा दोर पाण्यात सोडून झाल्यावर त्या खुंटापाशी जे उरते, ते बिटर एंड. चवीचा संबंध नाही. ते म्हणाले, खाली बसा. झिंगलेल्या माणसाच्या 'तीन शीट वाऱ्यावर' आहेत असे सारे गाव म्हणते आणि शीट म्हणजे शीड समजते. शीट ही शिडाला आवरणारी दोरी! ती सुटली की शीड फडफडते आणि जहाज झोकांड्या खाते. कचेरीत नवा कारकून आला की त्याला म्हणे अजून 'दोर', म्हणजे कामाच्या खाचाखोचा, कळायचे आहेत. त्या बिचाऱ्याने बुटाच्या नाडीपलीकडे दोर पाहिलेला नसतो.

लहानपणी ओबेडने मला विचारले होते, मामा, मग जहाजावर नुसता दोर म्हणतात तरी कशाला? मी म्हणालो, कामाला लागला की दोराला नाव मिळते. बिनकामाचा असतो, तोवर तो नुसता दोर. गेल्या वर्षी ऑगस्टात तो होडी बांधून 'हिल्डा मे'वर चढला आणि वादळानंतर त्या जहाजाची एक फळीही कोणाला दिसली नाही. ताई, त्या होडीच्या दोरीला आता काम उरले नाही, हे वाक्य मी तीनदा खोडले. मुकादमांना होडी वर घेऊ दे.

आहे तो लोभ तसाच ठेव, वाढविलास तर हरकत नाही.
तुझा अँब्रोज

हर्मन्स कोव्ह,
७ ऑक्टोबर

चि. अँब्रोज यास लव्हिनियाचे अनेक आशीर्वाद.

पदव्या पोचल्या. ठेवायला फडताळात जागा नाही. पाद्र्याशी भांडू नकोस, तुला पुरायला कुणीतरी लागेल.

सुरी हातात होती, कारण मी मासे साफ करत होते. सायलसला एवढंच म्हटलं, की मेल्या, तुझ्या बापाला माझ्या बापाने पाण्यातून ओढून काढलं, आणि तू माझ्या पोराची गाठ कापणार? तर म्हणे, कापू नको तर काय करू, वर्षभर भिजून तिचा दगड झालाय. मी म्हटलं, तुझ्या डोक्याचाही झालाय, ते कापलं का कुणी?

आपल्याकडचा रिवाज तू शहरात राहून विसरलास काय? माणसाने आपल्या हाताने बांधलेली होडी खुंटाला आहे, तोवर तो बाहेर गेलाय. घरच्यांनी सोडून ती वर घेतली, की मग चर्चमध्ये त्याचं नाव वाचतात आणि घंटा देतात. 'हिल्डा मे'वरच्या सगळ्यांची नावं वाचून झाली. ओबेडच्या वेळी पाद्र्याने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. ते पुढच्या नावावर गेले.

रोज सकाळी मी होडीतलं पाणी उपसते. माणसं त्या खुंटाला वळसा घालून जातात, गाठीला कुणी बोट लावत नाही. हेझेकाया वेंट्झल दीड वर्षाने फ्रेंच जहाजातून परत आला होताच की, आणि त्याच्या बायकोने तर होडी विकून टाकली होती. कसलं तोंड दाखवलं असेल तिने?

तू ये. खुंट गाठीच्या वर आणि खाली कापू आणि गाठ तशीच घरी आणू. मी चुलीशेजारी ठेवीन. करवत तुझी आण, सायलसची नको. हेरिंगचं लोणचं घातलंय.

मोठ्या बहिणीवर माया असू दे, ती आता हट्टी झालीय.
लव्हिनिया

हॅलिफॅक्स,
१४ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पदव्या आज घरी राहिल्या आहेत.

करवत काढली, धार लावली आणि पुन्हा खुंटीला टांगली. वर्षभर तुला न सांगता मी बंदरात येणाऱ्या प्रत्येक कप्तानाला विचारीत आलो आहे. फ्रेंचांना, पोर्तुगीजांना. त्यांची भाषा येत नाही, म्हणून ओबेडचा फोटो पुढे करतो. गेल्या आठवड्यात एका पोर्तुगीज कप्तानाने फोटो बराच वेळ पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. टोपीला व्याकरण लागत नाही.

जी सोडविता येत नाही, तिला आमच्या शास्त्रात गाठ म्हणत नाहीत, गुंता म्हणतात. खुंट कापून घरी आणलास, तर चुलीशेजारी गुंता राहील आणि तू त्याच्याकडे पाहत बसशील. ती बोटांनी सुटणार नाही, म्हणून माझा गाठी उकलायचा लाकडी सोया सोबत पाठवितो. कोणालाही कापू देऊ नकोस. बोलावशील त्या दिवशी येईन; करवत मात्र आणणार नाही.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.
अँब्रोज

हर्मन्स कोव्ह,
२४ ऑक्टोबर

चि. अँब्रोज यास आशीर्वाद.

तू येईपर्यंत थांबले नाही. चार दिवस तुझ्यावर रागावून झालं, मग बुधवारी सकाळी धक्क्यावर गेले. सायलसला म्हटलं, पाठ फिरव. त्याने फिरवली. त्याचं पाहून धक्क्यावरची सगळी माणसं पाठमोरी झाली.

तुझा सोया लागला नाही. दोरीचं टोक ओबेडने दुमडून फासात अडकवून ठेवलं होतं. मी ते नुसतं धरलं, जोर लावायच्या आधीच सगळी गाठ उलगडून हातात आली. दगड वगैरे काही झाला नव्हता, अँब्रोज. आम्ही कुणी हातच लावला नव्हता, म्हणून कळलं नाही. परत आल्यावर, गारठलेल्या बोटांनीसुद्धा एका झटक्यात सुटावी, अशी बांधली होती त्याने. पोराला लवकर घरी यायचं होतं.

मी तिथेच बसले. कुणी वळून पाहिलं नाही.

रविवारी नाव वाचलं. ओबेड टायटस हर्टल. मधलं नाव पाद्र्याने नीट म्हटलं. घंटा सायलसने ओढली, दुसऱ्या कुणाला दोर धरू दिला नाही. होडी अंगणात पालथी घातलीय. दोरी अजून माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे. तिचं काय करायचं असतं ते कळव.

सोया परत पाठवते. माया असू दे.
लव्हिनिया

हॅलिफॅक्स,
२७ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

दोरीचे काय करावे, हे या पंडितास ठाऊक नाही. ॲप्रनमध्येच असू दे.

मी त्याला ती गाठ शिकविली नव्हती. मी शिकविलेली सोडविण्यास सोया लागतो. ही त्याची त्याने काढली. तुझे पत्र घडी घालून कामावर गेलो, आणि दिवसभरात बांधलेला एकही दोर धड बसला नाही. मालकांनी जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला. वास नाही, हे पाहून ते अधिकच घाबरले व मला घरी पाठविले.

शनिवारच्या गाडीने येतो. राहतो काही दिवस. तू स्वयंपाक करू नकोस, आणि मी विनोद करणार नाही. निदान पहिल्या दिवशी.

तुझ्या लोभावरच चाललो आहे, तो आटू देऊ नकोस.
अँब्रोज

ता. क. दुखवट्याचा काळा कोट धोब्याकडे टाकला होता. परत आला तो कोणा दुसऱ्याचाच. बाह्या कोपरापर्यंत येतात आणि पाठीस टाचण्या आहेत. धोबी म्हणतो, कोट तोच आहे, साहेब, तुम्हीच वाढलात. दोनदा भांडून आलो, पावतीही दाखविली, तरी ऐकत नाही. उद्या त्याचे दुकान बंद, परवा शनिवार.