भरलेली बाटली

रविवार, संध्याकाळ

प्रवास आहे म्हणून सकाळपासून घसा कोरडा ठेवणाऱ्या बायांनो! आज आष्टीच्या सभेत मी इथून सुरुवात करायला हवी होती. मी काय सांगितलं? प्रवासात उकळलेलं पाणी प्या, उघड्यावरचं खाऊ नका. टाळ्याही पडल्या.

परतताना शेजारी बसलेली सुमनवहिनी तापानं फणफणली होती. तीन दिवस माझ्यासोबत गावोगाव फिरतेय, आणि कालपासून लघवीला जळजळ. मांडीवर पाण्याची बाटली, तोंडापर्यंत भरलेली.

"पाणी काऊन नाई पेलं वो?"

"पेलं तं जाऊ कुठं, ताई? गाडीत सारे माणसं."

पुलगावला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लघवीचा संसर्ग आहे. असंच रोखत राहिलात तर किडनीपर्यंत जाईल.

गाडी वाटेत दोनदा थांबली होती, तंबाखू-सुपारीचा खर्रा घ्यायला. पुरुष बाभळीमागे जाऊन आले. आम्ही बसून. मी ड्रायव्हरला झापलं तर हसला. "तवाच सांगाचं ना, ताई! भाषण तं लय मोठं देता."

मेला खरं बोलला. मी तरी कुठे पाणी प्यायले होते? एवढी पुस्तकं वाचली, एवढी व्यासपीठं गाजवली, आणि लघवीला जायचंय हे चारचौघांत म्हणता येत नाही? ती भरलेली बाटली डोळ्यांसमोरून हलत नाही. वहिनीनं माझंच पाहून ती उघडली नसेल का?

उद्या हिंगणीच्या सभेत पहिलं वाक्य हेच. बायांनो, गाडीत पाय ठेवण्याआधी ड्रायव्हरला मोठ्यानं सांगा: शौचालय असेल त्या पेट्रोल पंपावर गाडी थांबव.