भूमितीत माया नसते

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघे कुरकुरतात म्हणून कागदावरच घातला आहे, चालवून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला थांबला, की चहा हवा असला की अजून येतो? आम्ही इकडे मजेत. पत्रास कारण असं, की तुझी बहीण सेहेचाळिसाव्या वर्षी दहावीला बसली. 'पुन्हा कशाला?' असं तू विचारशील. त्याचं उत्तर खाली देते. आधी हसून घे, मग चिडायचं ते चीड.

शिवणवर्गात मी बारा वर्षं शिकवते आहे. यंदा नव्या मुख्य बाई आल्या आणि त्यांनी सगळ्यांचे दहावीचे दाखले मागितले. वर्षअखेर ज्याचा दाखला नाही, त्याची जागा दुसऱ्याला. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज स्वतःची दुकानं चालवतात, असं मी सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, ते फाइलला लावता येत नाही. (खरंच आहे. मुलींना भोकं कुठे पाडणार?) मग मी प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. आमच्या ह्यांना इतका उत्साह, की पहिल्या दिवशी जिन्यात उभं राहून मोठ्यांदा म्हणाले, "डबा संपवून ये गं!" पुढे आठवडाभर अख्खा मजला मला डबा संपवला का ते विचारत होता.

इतिहास जमला. सनावळ्या मी छाती, कंबर, घेर अशा तीन-तीनच्या गठ्ठ्यांत पाठ केल्या. घोडं अडलं भूमितीत. आमचे सर तिशीतले, शांत, मला काकू म्हणतात आणि वही तपासताना ओठ दाबून हसू आवरतात. सराव परीक्षेत त्यांनी माझा एकूण एक त्रिकोण चूक दिला. सहा सेंटीमीटरची बाजू सांगितली, की माझी साडेसात. आठ सांगितली, की साडेनऊ.

"काकू, हे वरचं दीड कुठून येतं?"

"सर, माया आहे ती."

त्यांनी वही उलटसुलट करून पाहिली. (तुला सांगायला नको, त्यांना सांगावं लागलं.) म्हटलं, शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढे अंग भरलं तर उसवून कपडा मोठा करता येतो, त्याला माया म्हणतात. मापावर मापाएवढं कापायला माझा हातच धजत नाही.

"काकू, भूमितीत माया नसते."

"नसेल. पण तुमची पाचवीतली पँट तुम्ही सातवीपर्यंत घातलीत, ती कशाच्या जोरावर?"

सर कानापर्यंत लाल झाले. त्यांच्या शाळेच्या पँटी मीच शिवायचे, हे वर्गाला तोवर माहीत नव्हतं. (गुण मात्र वाढवले नाहीत.)

खऱ्या परीक्षेत मी पट्टी दोन्ही हातांनी धरून बसले. चार आकृत्या अगदी काटेकोर काढल्या. पाचवी आकृती वर्तुळाची, तिथे हात पुढे गेलाच. खोडायला गेले तर कागद टर्रकन फाटला, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी पर्यवेक्षकांकडे सुईदोरा मागितला. त्यांनी पुरवणी दिली.

काल निकाल लागला. गणितात पस्तीस. पस्तिसालाच पास करतात, म्हणजे अगदी काठावर. सर म्हणाले, "काकू, तपासणाऱ्यानं थोडी माया सोडलेली दिसते." बाईंनी दाखला फाइलला लावला, माझी जागा राहिली. भावजींना नमस्कार सांग.

तुझी धाकटी
(आता खरोखर दहावी पास)

ता. क. : 'खरोखर' वाचून तू थांबली असशील. ताई, तीस वर्षांपूर्वी मी गणिताच्या पेपरला गेलेच नव्हते. शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर तीन तास बसून राहिले. तुला पास झाले म्हणून सांगितलं, आणि गुणपत्रिका वाटेत हरवली म्हणून रडूनही दाखवलं. मी शिकावं म्हणून तू आठवीतून उठून मशिनवर बसलीस, तुला खरं कुठल्या तोंडाने सांगणार होते? तू चाळभर मिठाई वाटलीस. आता मागणं एवढंच, की रागावून झालं की ती पुन्हा एकदा वाट. लोकांनी विचारलं तर सांग, आमच्या धाकटीला दहावी फार आवडते.

ता. क. २ : पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहिते आहे. नवी गुणपत्रिका ठेवायला मशिनचा खण रिकामा केला. माझ्या लग्नात तू दिलेलं तेच मशीन. तळाचा कागद इतक्या वर्षांत मी कधी उचलला नव्हता. त्याखाली माझी जुनी गुणपत्रिका निघाली, चार घड्या घातलेली. गणितापुढे 'गैरहजर'. मी ती शाळेतून आणलीच नव्हती, म्हणजे तूच जाऊन आणलीस. आणि तरी माझ्या सासरी ताठ मानेनं सांगितलंस, 'दहावी झालेली आहे.' मग वरची पहिली ता. क. तू वाचली नाहीस तरी चालेल. सरांचं म्हणणं बरोबर आहे, भूमितीत नसते. मशिनच्या खणात असते. मिठाई मात्र वाट, आणि या वेळी आधी तू खा. मागच्या वेळी तुझ्या वाट्याला उरली नव्हती, मी बघितलं होतं.