फक्त डावीकडे वळणारी गाडी

९ नोव्हेंबर १९८६, रविवार

गाडी खाली आली. म्हणजे नाहूरला आमच्या दारात मागच्याच आठवड्यात आली होती, आज उंचीने खाली आली. विलायती टू-सीटर स्पोर्ट्स, लाल, वयाने माझ्याएवढीच. साकीनाक्याच्या शिवदास मेस्त्रीकडून स्प्रिंगा कापून घेतल्या. कुर्ल्याच्या भंगारातून रुंद टायर आणून चढवले. टायर आणि वरचं मडगार्ड यांत आता बरोबर एक बोट जागा. शिवदास म्हणत होता, साहेब, तीन बोटं तरी ठेवा, माणसं बसली की गाडी दबते. त्याला लुक म्हणजे काय ते कळत नाही.

सुलक्षणाला सांगितलं, बाळंतपणाला तुला हिच्यातूनच नेणार. सहावा संपत आलाय. ती उठून आत गेली. भारावली असावी.

१६ नोव्हेंबर

बोरिवलीहून सासूबाईंचा निरोप. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, सातव्यात न्यायला येतो. साफ नाही म्हणून कळवलं. दारात स्पोर्ट्स कार उभी असताना बायको माहेरी? लग्नात सासरे कोणाला तरी म्हणाले होते की जावई सायकलवरूनसुद्धा पडेल असा दिसतो. मी ऐकलं होतं. आता त्यांच्या नाकावर टिच्चून त्यांच्या मुलीला स्पोर्ट्स कारमधून नर्सिंग होमच्या दारात उतरवीन.

सुलक्षणा थोडी रडली. या दिवसांत असं होतं म्हणे.

२३ नोव्हेंबर

सुलक्षणासह पहिली फेरी. पहिल्याच खड्ड्यात डावीकडून घर्र. जळक्या रबराचा वास. काळजीचं कारण नाही. नवी चप्पल चावतेच, मग पायाला बसते. टायरचंही तसंच.

ती येताना चालत आली. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे.

१४ डिसेंबर

डोहाळेजेवण. झकास झालं. फक्त सुलक्षणाने तिसरी करंजी उचलली तेव्हा मी सहज म्हणालो, मडगार्डचा विचार कर. शेजारच्या दत्तारामच्या बायकोने करंजी तिच्या तोंडातच भरवली, आणि वर चौथी.

संकल्प: तिचं वजन वाढेल तेवढं मी माझं कमी करायचं. उद्यापासून रात्रीचं जेवण बंद.

१५ डिसेंबर

मटण होतं. उद्यापासून.

२८ डिसेंबर

रंगीत तालीम. सुलक्षणाच्या जागी तांदळाचं पोतं बसवलं आणि पडू नये म्हणून तिच्या जुन्या साडीने बांधलं. दत्ताराम गॅलरीतून ओरडला, "रे विद्याधरा, वहिनीक खंय घेऊन चललंस?" लक्ष दिलं नाही. संशोधकाला हे सोसावं लागतं.

शोध मात्र मोठा लागला. गाडी उजवीकडे वळली की डावीकडे कलते, डावीकडे पोतं, म्हणून डावा टायर घासतो. डावीकडे वळताना काही नाही. तेव्हा उजवीकडे वळायचंच नाही!

४ जानेवारी १९८७

मुलुंडच्या नर्सिंग होमपर्यंत दोन उजवी वळणं. एका उजव्याऐवजी गल्लीला वळसा घालत तीन डावी घेतली की तोंड त्याच दिशेला होतं. नकाशा काढून स्वयंपाकघरात लावला. सुलक्षणाने त्याच्यावर दुधाचं कार्ड अडकवलंय.

शिवदास म्हणतो, जुने बारीक टायर परत चढवतो, एका दुपारचं काम. नको म्हटलं. रुंद टायर काढले तर त्या गाडीत राहिलं काय?

१८ जानेवारी

सासूबाई राहायला आल्या. मुलीला सोडत नाही तर मीच येते म्हणाल्या. गाडीकडे बघून विचारलं, मी कुठे बसू? म्हटलं, तुम्ही मागून बस पकडा. तेव्हापासून माझ्याशी सुलक्षणामार्फत बोलतात.

३० जानेवारी

सकाळी कळा सुरू झाल्या. मी पूर्ण शांत. उलटा शर्ट घातला होता तो दत्तारामने दाखवला.

सुलक्षणाला बसवलं, निघालो. पहिलं डावं, झकास. दुसरं डावं, झकास. तिसऱ्या गल्लीत कोणाच्या तरी लग्नाचा मांडव, रस्ता बंद. पुढच्या गल्लीतून डावीकडे, पुन्हा डावीकडे, आणि आम्ही आमच्याच फाटकासमोर. सासूबाई अजून तिथेच उभ्या. दत्ताराम म्हणाला, "इतक्यात इलास? काय झाला, झिलगो की चेडू?"

सुलक्षणाने माझा दंड घट्ट धरला होता. म्हणाली, "अहो, वळवा ना उजवीकडे. नाही सहन होत मला." वळवली. घर्र झालं, धूर आला, गाडी अडली. मग मी तिला विचारलं, फक्त एवढ्या वळणापुरती उतरशील का?

उतरली. वळण इतकं सुरेख बसलं की काय सांगू! कुठे स्पर्शसुद्धा नाही. तिला सांगायला मागे पाहिलं तर ती आईबरोबर रिक्षात बसत होती. रिक्षा माझ्या शेजारून पुढे गेली. सुलक्षणाने बघितलं नाही.

रिक्षाच्या मागे जाता आलं असतं. पण दुसऱ्या वळणालाही तीन डावीच घ्यायची, योजना सोडायची नाही असं ठरवलं होतं. पोचलो तेव्हा मुलगी झाली होती. बाकावर सासरे बसले होते, बोरिवलीहून आलेले. माझ्या आधी.

५ फेब्रुवारी

आज घरी सोडणार. गाडी धुतली, बॉनेटला हार घातला. सुलक्षणा बाळाला घेऊन बाहेर आली आणि वडिलांनी आणलेल्या टॅक्सीत बसली. बोरिवलीला निघाली. काचेजवळ जाऊन विचारलं, सव्वा महिन्याने न्यायला येऊ? म्हणाली, "बघू." म्हटलं, मुलीचा चेहरा तरी दाखव. म्हणाली, "झोपली आहे आत्ताच." टॅक्सी गेली. शालीतून एक मूठ तेवढी दिसली.

येताना मुद्दाम सगळी उजवी वळणं घेतली. शेजारची सीट रिकामी. टायर कुठेही घासला नाही. माझा हिशोब बरोबर होता. एक बोट जागा पुरते.