अंगठा वर की खाली

४ जून
आले एकदाची! स्वतःची खोली, मोठी खिडकी, आणि पलंगावर ऐसपैस लोळले तर टोकणारं कोणी नाही. फिजिओथेरपीची कामं पुष्कळ केली, पण पेशंटच्या घरीच राहायची ही पहिलीच वेळ. बाई निवृत्त शिक्षिका. काही वर्षांपूर्वी तापात त्यांच्या नसा गेल्या. ताकद शाबूत, पण स्पर्श कळत नाही, हातपाय कुठे आहेत तेही आतून कळत नाही. पायांवर नजर ठेवून चालतात. नजर हटली की कोसळल्याच. परगावची लेक फोनवर म्हणाली, ताई, आईला थोडं जरी कळायला लागलं तरी खूप झालं.

७ जून
आमची रोजची परीक्षा अशी: बाईंनी डोळे मिटायचे, मी त्यांच्या पायाचा अंगठा हलवायचा, वर की खाली ते त्यांनी सांगायचं. आज सगळी उत्तरं ठोकून दिलेली. मी हसले तर म्हणाल्या, असल्या पोरांना मी भोपळा द्यायची. गोड आहेत.
खरं सांगायचं तर आई गेल्यापासून मला कोणी जवळ घेतलेलं नाही. दिवसभर दुसऱ्यांची अंगं चोळायची आणि आपण कोरडे ठणठणीत. भावाचा फोन येतो, तोही आटोपता.

१५ जून
आज बाईंचा अंगठा वर केला, त्या ठामपणे म्हणाल्या, खाली. पुन्हा तेच. सहज माझं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. चपलेत माझा अंगठा खाली दुमडलेला. तो उचलला, तर बाई लगेच म्हणाल्या, वर. मग पाठीमागे हात नेऊन गुपचूप एक बोट ताठ केलं.
"करंगळी," बाई म्हणाल्या. "डावी."
घाबरायला हवं होतं. मला रडू आलं. मी कुठे आहे ते कोणालातरी कळतंय.

१९ जून
बाई समोर बघत चालल्या! लेक फोनवर हमसून हमसून रडली. मला शाबासकी.
दुपारी माझ्या पायावर कढत पाणी सांडलं. मला पत्ताच नाही. कातडी लाल दिसली तेव्हा कळलं.

२२ जून
जिन्यात पडले. पायांकडे बघायला विसरले होते. भावाला फोन केला, मला घेऊन जा म्हटलं. तो म्हणाला, दमली असशील, झोप काढ. एकटी जाऊ कशी? रस्त्यात नजर जरा हटली तरी—

२३ जून
बाईंना म्हटलं, माझं मला परत द्या. त्या कितीतरी वेळ स्वतःच्याच दंडावरून हात फिरवत बसल्या.
"इतकी वर्षं नुसता कापूस होते गं मी," म्हणाल्या. "आता नाही देववत."

२४ जून
हाताकडे बघत लिहितेय. नजर हलली की पेन हातातून गळून पडतं— उचलताना खिडकीच्या काचेत बाई दिसल्या. माझ्या मागे. माझ्या केसांतून हात फिरवतायत, अगदी मायेनं. किती दिवसांनी कोणीतरी— आणि मला काहीच—
हात कपाळावर आलाय. बोटं दिसतायत, भुवयांच्या खाली. बाई, डोळे नको, डोळे झाक—