विहिरीचं धरतं, पावसाचं सोडतं

११ फेब्रुवारी

आईच्या बाटल्या पुसल्या. घोळ झाला!

औषधाच्या सात बाटल्या, रबरी बुचाच्या. प्रयोगशाळेतली सवय – काच दिसली की स्पिरिटचा बोळा फिरवायचा. फिरवला. आईनं काचेवर शाईनं लिहिलेलं सगळं बोळ्यावर आलं. हातात निळा बोळा आणि समोर सात सारखी पाणी. विहिरीचं कोणतं, समुद्राचं कोणतं – ते फक्त आईला माहीत. आई जाऊन तीन आठवडे झाले.

१२ फेब्रुवारी

एवढा जीव घाबरा कशाला? माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. सतरा वर्षं पाणी तपासते आहे. पाण्यात क्षार असतात, जंतू असतात. आईच्या मते स्वभाव असतो.

तिच्या कामाला लोक चेटूक म्हणायचे. तिला तो शब्द आवडायचा नाही. "मी पाणी देते. चेटूक तुमच्या खात्यात चालतं – गढूळ आत जातं, सही केलेला कागद बाहेर येतो."

१४ फेब्रुवारी

धाकटी आली. सातवा महिना. जिना चढून आली ती दहा मिनिटं नुसती धापा टाकत बसली. आधीची दोन्ही बाळं सातव्यातच गेली. या खेपेला आई सुरुवातीपासून दर सोमवारी तिच्याकडे जायची. विहिरीचं पाणी, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, तीन थेंब.

"ताई, तीन सोमवार गेले."

"बरं मग?"

"मग काय! आता तू कर. तुला येतं."

"मला काही येत नाही."

"लहानपणी बाटल्या कोण विसळायचं? मला तर ती हात लावू द्यायची नाही. फोडशील म्हणायची."

मी डॉक्टर, गोळ्या, विश्रांती असं काहीबाही बोलले. ती हसली. "तुला नाही कळायचं. तुला कशानं धरून ठेवलंय कधी? एका सकाळी चपला घातल्यास आणि नवऱ्याचं घर सोडून आलीस."

लागलं. खरं आहे म्हणून लागलं. अकरा वर्षं झाली. कुणालाही न विचारता घेतलेला माझा तो एकच निर्णय. आदल्या दिवशी आई सहज म्हणून आली होती, माझी फरशीही पुसून गेली, पार उंबऱ्याबाहेरपर्यंत – पण तिलासुद्धा मी काही बोलले नव्हते.

"सोमवारी येते," म्हटलं. का म्हटलं?

१५ फेब्रुवारी

आईची वही वाचली. विहिरीचं धरतं, ते उंबऱ्याच्या आत. पावसाचं सोडतं, ते उंबऱ्याबाहेर. नदीचं नेतं. दवाचं दाखवतं. डबक्याचं झोपवतं. समुद्राचं परत आणतं, पण गेलं तसं नाही. बर्फाच्या पुढे नुसती रेघ.

खाली लिहिलंय: बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळावी, नाहीतर पाण्याला आधीचं आठवतं.

तीनदा! आमच्या नियमावलीतही हेच आहे. नव्या माणसांना मी हेच शिकवते. आपण हे नोकरीत शिकलो असं आजवर धरून चालले होते.

१६ फेब्रुवारी

विश्वास नाही. पण सातांतली कोणतीही एक उचलून धाकटीच्या उंबऱ्यात टाकायची म्हटलं तर हात होत नाही. पावसाचं निघालं तर? विश्वास नसलेल्या माणसाला हा प्रश्न पडू नये. पडला.

तपासता येईल की!

१७ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत केलं. बाटल्या उघडल्या नाहीत. बुचातून सुई घालून थोडं थोडं काढलं. शेजारच्या टेबलावरचा लांब्या डोकावला.

"कुणाच्या घरचं? सासरचं?"

"सासर उरलंय कुठे."

"मग कशाला एवढी मरमर?" म्हणत त्यानंच मीटर पुढे केला.

समुद्राचं खारट निघेल, विहिरीचं जड, पावसाचं जवळजवळ कोरं – असा माझा हिशोब. पहिली बाटली: क्षार दोनशे बारा. दुसरी: दोनशे बारा. तिसरी: दोनशे अकरा.

"अगं, हे तर आपलंच!" लांब्या म्हणाला.

शहराच्या नळाचं. दर महिन्याला याच आकड्याखाली मी सही करते. सहा बाटल्या नळाच्या!

सातवी: नऊ. म्हणजे पावसाचं. तेवढी एकच खरी, आणि तीही अर्धी. बुचातून उडालं असावं.

आई खोटं बोलत होती? गुडघे गेल्यापासून तिला विहिरीच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या. मला सांगितलं असतं तर – तर काय? मी हसले असते.

म्हणजे इतके महिने धाकटीचं बाळ नळाच्या पाण्यानं धरलं. म्हणजे पाणी काहीच करत नाही. किंवा आईच्या हातून कोणतंही करतं. आणि माझ्या हातून?

कामावरून लवकर निघाले. बंद पडलेल्या कापड गिरणीमागची विहीर – आमचा नमुना क्रमांक चौदा. अठ्ठेचाळीस पायऱ्या. प्रयोगशाळेची नवी बाटली तीनदा विसळून भरली. तशीच धाकटीकडे. तीन थेंब.

"काहीतरी बोल की," धाकटी म्हणाली.

"आई काय बोलायची?"

"आई म्हणायची, पाय पूस."

"पाय पूस," मी म्हटलं.

२४ फेब्रुवारी

पाय पूस.

१७ मार्च

सातवा गेला, आठवाही सरला! धाकटी मला फोनवर 'आईसाहेब' म्हणते. तिचा नवरा दारात उभा राहून थेंब मोजतो. आज दोनच पडले तर ओरडला, "ताई, एक राहिला!" बँकेत काम करतो, इतका शिकलेला माणूस.

लांब्यानं माझ्या पिशवीतली बाटली ओळखली. "चौदा नंबर? जंतू आहेत त्यात."

"कुणी पीत नाही."

"मग करता काय त्याचं?"

पिशवीची चेन लावली.

१० एप्रिल

आजची तारीख दिली होती. काही नाही.

१४ एप्रिल

काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, होतं असं.

"ताई, फार घट्ट धरलंस हं!" धाकटी हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. थेंब टाकले नाहीत. ती आत गेल्यावर फडकं घेऊन उंबरा पुसत बसले. केव्हाच वाळून गेलेलं पाणी पुसत होते – मी!

२० एप्रिल

बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. ठोके मधूनच मंदावतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी दाखल करा. सलाइन लावून कळा आणू. नाही आल्या तर ऑपरेशन."

धाकटी आता हसत नाही. माझा हात धरून म्हणाली, "तुझ्यामुळे नाही ना गं?"

नाही म्हणाले. पण लगेच म्हणता आलं नाही.

२१ एप्रिल

नऊला सलाइन लावलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी मी सातवी, पावसाची बाटली उघडली. दवाखान्याच्या खोलीला उंबरा नसतो! दाराखाली ॲल्युमिनियमची पट्टी होती. तिच्या बाहेरच्या बाजूला तीन थेंब टाकले. बूच खिशात.

नर्स आली. "इथे काय सांडलंय? पुसून घ्या."

"पुसू नका!" केवढ्यानं ओरडले! तिनं माझ्या गळ्यातलं पाणी खात्याचं ओळखपत्र वाचलं आणि वळसा घालून आत गेली.

दुपारी दोनला मुलगी झाली. रडली. धाकटी रडली. तिचा नवरा बाळाची बोटं मोजत होता, दोनदा मोजली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सलाइन लागू पडलं. इतक्या लवकर क्वचितच होतं, पण होतं."

मला काहीच समजत नाही. नळाच्या पाण्यानं धरलं, विहिरीच्यानंही धरलं. सलाइन आणि पाऊस दहा मिनिटांच्या अंतरानं. कुणी असा प्रयोग माझ्या टेबलावर आणला असता तर मी तो परत पाठवला असता.

बाळ छान आहे. एवढं लिहून थांबते.

२२ एप्रिल

कालचा कुर्ता धुवायला टाकताना खिशात बूच लागलं. आतल्या बाजूला आईचं अक्षर, बॉलपेननं: थोरली. खाली तारीख, अकरा वर्षांपूर्वीची. मी घर सोडलं त्याच्या आदल्या दिवसाची.

चपला तरी मीच घातल्या होत्या.