ताईची चार मिनिटं

धाकट्या,

तुझी ही रीत मला मुळीच पटली नाही. तुझ्या लग्नाच्या कॅसेटची डिस्क करायला सांगितली, तर तू त्यातून सख्ख्या बहिणीलाच कापून टाकलंस. वर मला सांगतोस, डिस्कवर जागा पुरत नाही. मी शाळा फार पाहिली नाही, पण तू लोकांच्या कॅसेटच्या डिस्क करतोस तेव्हा रोज तुझ्या खुर्चीमागे बसून भाजी निवडते. जागा कमी पडली की तू चित्र जरा दाबून बसवतोस, नाहीतर दुसरी डिस्क घेतोस. तुझे मित्र अर्धा तास नाचतायत ते मावले, ताईची चार मिनिटं तेवढी जड झाली होय रे?

म्हणून सकाळी तुझं यंत्र मीच बंद केलं. ‘एन्कोडिंग चालू आहे, हात लावू नये’ ही तुझी पाटी नीट वाचून, डिस्क भरत असतानाच बंद केलं. मूळ कॅसेट पिशवीत घालून ताईकडे निघालेय. तीन वर्षं तू तिच्याशी बोलत नाहीस. पण ती माझी लेक आहे.

जेवण झाकून ठेवलंय. कॅसेट हवी असेल तर तिच्या दारात येऊन माग. दार मीच उघडेन आणि तोंडावर सांगेन, “कारागीर म्हणून पास, भाऊ म्हणून नापास. आता आत ये.”

आई